हरवलेला कळफलक

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात पेडणे तालुक्यातील एका वाड्यावर आम्ही गेलो होतो. तेथील एका आजींनी आम्हांस हाक मारून घरात बोलावले. त्यांच्या हाती टॅबलेट होता. त्यांचा मुलगा तारवटी. त्याचे जहाज त्याच रात्री बंदर सोडणार होते. त्यापूर्वी त्याला निरोप पोचावयास हवा होता, आणि लिहावे तर पडद्यावर कळफलकच उमटेना. पांढऱ्या चौकटीत एक उभी रेघ तेवढी लुकलुकत होती.

निरोप कसला, हे ऐकल्यावर आजींची घालमेल आमच्या ध्यानी आली. दोन दिवसांपूर्वी शेजारच्या मुलाने त्यांच्या वतीने रोमन अक्षरांत लिहिले होते की, माळा भाड्याने दिला. घराचा माळा एका शिक्षकास राहावयास दिला, एवढीच गोष्ट. परंतु एम्, ए, एल्, ए या चार रोमन अक्षरांत माळाही मावतो, मळाही मावतो, आणि ‘मला’सुद्धा. मुलाने वाचले ‘मळा’. गोव्यात जमीन दुसऱ्याच्या हाती कसावयास देणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. कूळ कायद्याच्या १९७६ सालच्या दुरुस्तीने कुळांस जमिनीचे मालक ठरविले, हे घरोघरी ठाऊक आहे. मुलाचे रागाचे उत्तर आले आणि त्यानंतर त्याचा फोन लागेना. आजी जुन्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. आता आपणच, आपल्या अक्षरांत लिहावयाचे, असे त्यांनी ठरविले होते.

विद्यार्थिमित्रांनो, हा कळफलक लाकडी फळीसारखा यंत्रास जडविलेला नसतो. तोही एक प्रोग्राम आहे. लिहिण्याच्या चौकटीवर बोट टेकले की यंत्र त्यास बोलावते, आणि तो काचेवर स्वतःचे चित्र उमटवितो. म्हणून तो दिसेनासा झाला तर यंत्र मोडले असे समजू नये. त्यास बोलावणे का गेले नाही, एवढेच शोधावे.

आम्ही प्रथम चौकटीवर पुन्हा बोट टेकून पाहिले. मग यंत्र बंद करून चालू केले. अडकलेला प्रोग्राम बहुधा एवढ्याने सुटतो. गुण आला नाही. अँड्रॉइड यंत्रात सेटिंग्जमध्ये सिस्टमच्या खाली भाषा व कीबोर्ड यांचे सदर असते (नावे कंपनीगणिक थोडी बदलतात). तेथे पडद्यावरच्या कीबोर्डांची यादी पाहिली. कोणी चुकून कळ बंद केली असेल, तर ती येथेच चालू करावयाची. कळ चालूच होती. आणि त्याच सदरात, खालच्या ओळीत, एक बाहेरचा कीबोर्ड जोडलेला दिसला!

आजींचा नातू डिचोलीस शिकतो. तो सणासाठी घरी आला होता, आणि त्याने आपला ब्लूटूथचा कीबोर्ड आजींच्या टॅबलेटास जोडून गृहपाठ केला होता. तो कीबोर्ड चालू स्थितीतच दप्तरात घालून, दप्तर पलीकडच्या खोलीतील खुंटीस अडकवून, स्वारी बाजारात गेली होती. ब्लूटूथच्या लहरी भिंतीपलीकडेही पोचतात. खऱ्या कळा हाताशी आहेत असे यंत्रास वाटले, तेव्हा त्याने काचेवरच्या कळा आवरून ठेवल्या. यंत्राचे यात काय चुकले? ब्लूटूथ बंद करताच कळफलक वर आला. बाहेरचा कीबोर्ड जोडलेला असतानाही पडद्यावरचा हवा असेल, तर त्याच सदरात तशी स्वतंत्र कळ असते. आयपॅडवरही बाहेरचा कीबोर्ड जोडला की असेच घडते. आयपॅडवर मात्र आणखी एक गंमत होते. कळफलक आक्रसून कोपऱ्यात तरंगू लागतो. त्यावर दोन बोटे ठेवून फाकवावी, म्हणजे तो पूर्ववत होतो.

इतके करूनही यश न आल्यास त्या कीबोर्डाची नवी आवृत्ती घ्यावी. मात्र कोणीतरी पाठविलेल्या दुव्यावरून भलताच कीबोर्ड उतरवून घेऊ नये. आपण दाबतो ते प्रत्येक अक्षर, बँकेचा परवलीचा शब्दसुद्धा, त्याच्या हातून जाते.

आजींच्या पडद्यावर कळा आल्या, परंतु त्या इंग्रजी. मराठी हे कीबोर्डाच्या भाषांच्या यादीत एकदा जोडावे लागते. मग पृथ्वीगोलाचे चिन्ह दाबले की लिपी पालटते. पुष्कळ जण एवढ्यासाठी कंटाळा करून मराठी रोमन अक्षरांत लिहितात. गोव्याला ही अडचण नवी नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, ओव्या मराठी, पण लिपी रोमन. कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती काढली ती १९५६ साली. स्टीफन्सपाशी खिळे नव्हते; आपल्यापाशी ते आहेत, आणि एका यादीत दडून बसले आहेत.

यादीत मराठी जोडून आम्ही टॅबलेट आजींच्या हाती दिला. ‘ळ’ सापडावयास त्यांना बराच वेळ लागला. आम्ही बोट दाखवू लागलो, तर त्यांनी आमचा हात बाजूला सारला. अखेर पडद्यावर चार शब्द उमटले: ‘माळा दिला. मळा नाही.’

सव्वासात वाजले होते. नातू बाजारातून परतला, तेव्हा आजी उत्तराची वाट पाहत ओटीवर बसल्या होत्या.