राखेचे काँक्रीट आणि त्याची ऊब

इतिहासाच्या शिक्षकाने काँक्रीटवर लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. कारण एका विद्यार्थिनीच्या प्रश्नात आहे. तिची आई पुण्यातील बांधकामांवर काम करते. स्लॅब पडला की त्यावर आळी करून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे, हे तिचे काम. “राखेच्या काँक्रीटला पाणी मारावे लागत नाही म्हणतात, मग ते घट्ट कशाने होते?” असे मुलीने विचारले आणि आम्ही निरुत्तर झालो. पुढे वाचून जे समजले ते येथे मांडीत आहोत. आपल्या माजी विद्यार्थ्यांत व पालकांत बांधकामावर राबणारे पुष्कळ आहेत.

सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. म्हणूनच भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस ओलावा टिकवावयास सांगते. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. बाजारातील पीपीसी सिमेंटमध्ये राख असते, तरी ते सिमेंटच होय. त्याला पाणी कमी नव्हे, अधिक दिवस मारावे लागते. जुने गवंडी चुन्यात भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालीत; ही राख तिच्याच कुळातली.

जिओपॉलिमर काँक्रीटची गोष्ट निराळी. हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ दाविदोवित्स यांनी रूढ केले. यात सिमेंट मुळीच नसते. औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातून वेगळी काढलेली बारीक राख कॉस्टिक सोडा व सोडियम सिलिकेट यांच्या द्रावणात कालवतात. त्या क्षारात राखेतील सिलिका आणि ॲल्युमिना विरघळतात व पुन्हा जुळून दगडासारखी जाळी विणतात. या विणीत पाणी खर्ची पडत नाही, उलट बाहेर टाकले जाते. विणकाम वेगाने होण्यासाठी हवी असते ती ऊब.

ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठात रंगन, हार्दजितो आदी संशोधकांनी यावर पायाभूत काम केले. आपल्याकडे पाटणकर, जामकर व घुगल या अभियांत्रिकी प्राध्यापकांनीही तापमान आणि अवधी यांचा बळावरील परिणाम तपासला आहे. अशा प्रयोगांचे सार असे: ठोकळे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास २४ तास ठेवले, तर बहुतेक बळ त्या एका दिवसातच येते. अवधी वाढवला तर बळ वाढते, पण पहिल्या दिवसानंतर ती वाढ मंदावते. उष्णता फार चढवली तर तितका लाभ होत नाही, आणि ठोकळे उघडे असतील तर आतला ओलावा झपाट्याने उडून तडे जाण्याची भीती असते. म्हणून ते झाकून तापवितात. पाणी मारायचे नाही याचा अर्थ कोरडे टाकायचे असा नव्हे.

आता पुण्याचा विचार करू. येथे वैशाखात पारा चाळिशीला टेकतो, तर पौषातल्या रात्री दहाच्या आसपास उतरतो. निव्वळ राखेचे काँक्रीट अशा थंडीत उघड्यावर ओतले तर साचा काढण्याइतके बळ येण्यासही वाट पाहावी लागेल. पोलाद कारखान्यातील मळीची भुकटी मिसळली तर तिच्यातील कॅल्शियममुळे ते साध्या हवेतही घट्ट होते. अन्यथा भट्टीची सोय असलेल्या कारखान्यात पेव्हर ब्लॉकसारख्या तयार वस्तू घडविणे हेच सोयीचे. असा माल घेणाऱ्याने तो किती तास व किती अंशांवर ठेवला होता, हे अवश्य विचारावे.

राख वापरली जावी, असे आम्हांस मनापासून वाटते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी वीजकेंद्राचा खसाळा येथील राखबंधारा फुटला, तेव्हा राख कोणाच्या शेतात आणि पाण्यात जाते ते सर्वांनी पाहिले. पण कॉस्टिक सोडा कातडी भाजतो, डोळा घालवतो. हातमोजे व चष्मा दिल्याशिवाय मजुराला ते द्रावण हाताळू देणे हा गुन्हाच मानावा.

हे सर्व वर्गात सांगून झाल्यावर त्या मुलीने दुसरा प्रश्न केला: “म्हणजे आईचे काम जाणार का?” आम्ही तिला सांगितले, शहरातले स्लॅब अजून सिमेंटचेच पडतात, आणि दहा दिवसांचे पाणी चौथ्या दिवशी बंद करणाऱ्या मुकादमाला आईने मानकाचा आकडा जरूर ऐकवावा.