बंदीच्या दिवसांत बेल्ट सँडर वापरताना



१ जूनला बंदी लागली की धक्क्यावर आणि वाड्यावाड्यांत घासण्याचा आवाज सुरू होतो. ३१ जुलैपर्यंतच्या या ६१ दिवसांत बोटीची वर्षभराची डागडुजी उरकायची असते. पूर्वी हे काम रंधा आणि पॉलिश पेपरवर चालायचं. आता पुष्कळांनी बेल्ट सँडर घेतलाय, काहीजण भाड्याने आणतात. दोन दिवसांचं काम दोन तासांत होतं, हे खरंच आहे. पण ग्राइंडर हातात घेताना माणूस जसा सावध असतो, तसा सँडर घेताना नसतो. याला पातं नाही, हा काय करणार, असं वाटतं. ऐन बंदीत हात जायबंदी झाला तर १ ऑगस्टला बोट पाण्यात जाताना आपण किनाऱ्यावर उभे. आधीच दोन महिने कमाई नाही, त्यात हे. म्हणून या वेळी थोडं सविस्तर लिहितोय.

आधी मशीन काय करतं ते बघा. दोन रोलरवर खरखरीत पट्टा फिरतो, साधारण मिनिटाला २०० ते ४०० मीटर. म्हणजे सेकंदाला पाचेक मीटर पॉलिश पेपर आपल्या बोटाखालून जातोय असं समजा. खालच्या बाजूने पट्टा आपल्या दिशेने येतो, त्यामुळे मशीन स्वतः पुढे पळायला बघतं आणि त्याच्याखाली मोकळा ठेवलेला लाकडाचा तुकडा आपल्या पोटावर येतो. यावरून दोन गोष्टी ठरतात. मशीन नेहमी दोन्ही हातांनी धरायचं, आणि वल्हं, सुकाणूचा दांडा, फळीचा तुकडा असं काही घासायचं असेल तर ते क्लॅम्पने किंवा शिकंज्यात घट्ट बांधायचं. पायाखाली दाबून किंवा 'तू धर, मी घासतो' म्हणून पोराच्या हातात देऊन हे काम करू नका.

इजा नेमकी कधी होते याकडे लक्ष द्या. घासत असताना आपलं ध्यान असतं. गडबड होते ती सुरू करताना, ठेवताना आणि पट्टा बदलताना.

बहुतेक मशीनना बटन दाबून अडकवून ठेवायची सोय असते, बोट दुखू नये म्हणून. ही सोय आपल्याकडे पावसाळ्यात घातक ठरते. काम चालू असताना लाईट जाते. आपण मशीन फळीवर ठेवतो, चहा प्यायला जातो. बटन अडकलेलंच असतं. लाईट आली की मशीन आपोआप सुरू होतं आणि चाकं लावल्यासारखं धावत सुटतं, वायर ताणली जाईपर्यंत. वाटेत कुणाचा पाय असला तर? म्हणून लाईट गेली की पहिलं काम, बटन सोडवणं आणि प्लग काढणं. प्लग लावण्याआधीही बटन मोकळं आहे का ते दाबून बघायचं. बोटीवर, शिडीवर किंवा फळ्यांच्या पहाडावर उभं राहून काम करताना तर ते बटन अडकवूच नये.

मशीन हवेत धरून सुरू करायचं, वेग आला की सपाट टेकवायचं. उचलतानाही फिरतं असतानाच उचलायचं, मग बंद करायचं. बटन सोडल्यावर पट्टा लगेच थांबत नाही, काही क्षण फिरत राहतो. तो पूर्ण थांबेपर्यंत मशीन खाली ठेवू नका, मांडीवर तर नकोच.

पट्टा बदलताना आणि धूळपिशवी काढताना प्लग बाहेर. इथे 'एका मिनिटाचं काम' हा शब्द काढून टाका. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण असतो, तो मशीनवरच्या बाणाच्या दिशेने आला पाहिजे. उलटा घातला तर सांध्याची कड उचलली जाते आणि पट्टा फुटून हातावर फटका बसतो. बाण नसलेले पट्टे दोन्ही बाजूंनी चालतात. पट्टा बसवल्यावर मशीन उलटं धरून क्षणभर चालवायचं आणि बाजूचा स्क्रू फिरवून पट्टा रोलरच्या मधोमध आणायचा. एका बाजूला सरकलेला पट्टा मशीनची बॉडी खातो. हे करताना मात्र बोटं रोलरपासून लांब. पट्टा आणि रोलर यांच्या फटीत बोट गेलं की नख आणि कातडी आतच राहते.

अंगावर सैल काही नको. खांद्यावरचा टॉवेल, गळ्यातला गोफ, लुंगीचा सोगा, मोकळे केस, ओढणी, सगळं आवरून बसा. सैल सुती हातमोजेही नकोत, ते पट्ट्यात ओढले जातात. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकायची, म्हणजे मशीनच्या वाटेत येत नाही.

आता विजेचं. आमच्या मते पावसाळ्यात सगळ्यांत मोठा धोका हाच. बोट अंगणात किंवा माडांत ओढलेली असते, प्लग घरात असतो, मध्ये चाळीसेक मीटर वायर ओल्या वाळूवरून आणि चार ठिकाणी टेप मारलेली. एवढ्या लांब बारीक वायरीतून मशीनला पुरता दाब मिळत नाही, मोटर तापते. मशीन साधारण ८०० ते १००० वॅटचं असतं. इतक्या अंतरावर अडीच एमएमची, अखंड, जाड रबराची वायर घ्या. गुंडाळी असेल तर पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर तापून वितळते. जोड आणि प्लग जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगून ठेवा आणि वरून छप्पर करा.

पुष्कळ सँडरना दोनच पिनांचा प्लग असतो. त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण दिसेल. याचा अर्थ आत दुहेरी आवरण आहे, त्याला अर्थिंग लागत नाही. पण म्हणून मशीनमध्ये पाणी गेलं तर चालतं असा अर्थ कुणी काढू नये. शिंतोडे उडाले तरी हवेच्या फटींतून पाणी आत जातं, आणि आपला हात घामाने, कपडे खाऱ्या पाण्याने भिजलेले असतात. खारं पाणी गोड्यापेक्षा वीज जास्त चांगली नेतं. बोटीच्या तळात साचलेल्या पाण्यात पाय ठेवून कधीही मशीन चालवू नका. आधी उपसा, पुसा, रबरी तळव्याचे बूट घाला.

ज्या बोर्डावरून वीज घेता तिथे ३० मिलिअँपियरची आरसीसीबी बसवलेली असावी. साधा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसाला वाचवायला नव्हे. आरसीसीबी अंगातून वीज जमिनीत उतरू लागली की सेकंदाच्या अंशात लाईन तोडते. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा, लाईन गेली पाहिजे. कामाला लावलेल्या माणसासाठीसुद्धा ही तजवीज बोटमालकानेच करायची आहे. आणि कुणाला शॉक लागून चिकटलाच तर हात लावू नका, आधी मेन बंद करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा.

वीज आणि पट्टा यांची इजा डोळ्यांना दिसते. धुळीची दिसत नाही.

लाकडाचा भुसा निरुपद्रवी वाटतो, पण लाकडाची बारीक धूळ कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीत १९९५ पासून आहे, नाकाच्या कॅन्सरसाठी विशेष. फायबरच्या बोटीवर काचेचे तंतू आणि रेझिनची भुकटी उडते. ती अंगाला खाजते, डोळ्यांत टोचते आणि श्वासातून आत जाते. अंगावर बसली तर आधी भरपूर पाणी ओतायचं, चोळायचं नाही. आपल्याकडे अजून काही लाकडी होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात. ते पूर्ण वाळलेलं नसेल तर पट्ट्याच्या उष्णतेने चिकट होतं, पट्टा भरून जातो आणि कातडीवर फोड येतात. तिथे आधी खरवडणीने काढून घ्या.

सगळ्यांत जास्त जपायचं ते जुन्या रंगाला. बोटीच्या पोटाला शिंपल्या चिकटू नयेत म्हणून जो रंग लावतो त्यात तांब्याचं विष असतं, ते त्याचं कामच आहे. जुन्या काळच्या अशा रंगांत कथिलाचं टीबीटी हे विष असायचं, त्यावर जगभर २००८ पासून बंदी आहे. पण दहा थर खाली काय लावलंय हे जुनी बोट विकत घेणाऱ्याला कुठे माहीत असतं? तसंच शेंदरी प्राइमरमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा आपल्या देशात २०१७ पासून लागू आहे, ९० पीपीएम. ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती आहे. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि ते कपड्यांवर, केसांत बसून घरात येतं.

त्यामुळे आमचं स्पष्ट मत आहे की बोटीच्या पोटावरचा रंग बेल्ट सँडरने सुका घासूच नये. पाणी मारून हाताने, ओल्या पॉलिश पेपरने किंवा खरवडणीने काढावा. वेळ जास्त जातो, जाऊ दे. शिवाय पोट घासायला खाली झोपून चार किलोचं मशीन डोक्यावर धरायचं आणि सगळी धूळ तोंडावर घ्यायची, हा प्रकार तसाही वाईट. खाली ताडपत्री अंथरा, पडलेला रंग आणि गाळ गोळा करून पिशवीत बांधा. तो खाडीत ढकलला तर ज्या तिसऱ्या आणि शिनाण्या आपण पकडून खातो, त्यांच्याच अंगात तो जातो.

सुकं घासायचंच असेल तर तोंडाला टॉवेल बांधून उपयोग नाही. त्यातून बारीक धूळ आरामात जाते. एन ९५ किंवा एफएफपी २ मास्क घ्या, पाकिटावर आय.एस. ९४७३ लिहिलंय का बघा. नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाढी असेल तर मास्क कडेने सुटा राहतो, हे लक्षात असू द्या. डोळ्यांना बाजू बंद असलेला गॉगल, कानात बोळे. या मशीनचा आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. इंजिनाच्या आवाजाने कमी ऐकू येणारे आपल्यात थोडे आहेत काय?

आगीचंही बोलायला हवं. फळीतला लोखंडी खिळा पट्ट्याला लागला की ठिणगी उडते, ती थेट धूळपिशवीत जाते आणि भुसा आतल्या आत धुमसतो. म्हणून आधी हात फिरवून खिळे शोधा, टोचणीने आत ठोका. पिशवी अर्धी भरली की रिकामी करा आणि संध्याकाळी बोटीत किंवा घरात भरलेली ठेवू नका. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्याही ढिगात ठेवल्या की आपोआप तापून पेटतात, त्या पाण्याच्या डब्यात टाका. मोटरच्या कार्बनपाशी ठिणग्या होतच असतात, तेव्हा आउटबोर्डची पेट्रोलची टाकी आणि थिनरचे डबे बोटीतून आधी बाहेर काढा.

कामाची रीत थोडक्यात. जाड काम ४० किंवा ६० नंबरने, मग ८०, शेवटी १२०. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, सतत हलतं ठेवून. जोर लावू नका, मशीनचं वजन पुरे असतं. दाबलं तर पट्टा भरतो, लाकूड जळतं, मोटर बसते. ओल्या लाकडावर पट्टा लगेच चोंदतो, तेव्हा फळी वाळू द्या. फायबरच्या बोटीवर बेल्ट सँडर शक्यतो नकोच. वरचा जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, एका जागी दोन-तीन सेकंद थांबलात की आरपार. मग पाणी आत मुरतं आणि पुढच्या वर्षी फुगे येतात. तिथे गोल फिरणारा ऑर्बिटल सँडर बरा.

कातडी सोलली गेली तर वाहत्या स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा. समुद्राचं पाणी, रॉकेल, चुना, हळद काही लावू नका. रंगाचे कण आत राहिले असतील तर डॉक्टरकडूनच काढून घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

घरातल्या बायकांना एक विनंती. कामाचे कपडे दारातच काढायला लावा, झटकू नका, वेगळे भिजवून धुवा. पोरांच्या कपड्यांत मिसळू नका. आणि अंघोळीआधी त्या माणसाला तान्ह्या पोराला उचलू देऊ नका.

सोसायटीचं मशीन ऑफिसात आहे. नेताना वहीत नाव आणि वेळ लिहायची. पट्टा आपला आणायचा, ७६ बाय ५३३ चा. मास्क आणि गॉगल दाखवल्याशिवाय मशीन मिळणार नाही. परत देताना पिशवी रिकामी आणि वायर कोरडी असावी. वायरीला कुठे चीर दिसली तर टेप मारून आणू नका, आम्हाला सांगा, आम्ही बदलून घेऊ.