चौकातली पांढरी रेघ

चौक म्हणजे चार रस्ते मिळतात ती जागा. नागपूरला सीताबर्डीवर गांधीजींच्या पुतळ्याजवळ व्हरायटी चौक आहे. चौकात लाल दिवा लागला की गाड्यांनी पांढऱ्या रेघेच्या मागे थांबायचे असते. तिला थांबा रेषा म्हणतात.

रेघ कशाला पाहिजे? सायकल हळू निघते. ट्रकच्या बाजूला अगदी जवळ उभी असली तर ड्रायव्हरला दिसत नाही. ट्रक डावीकडे वळला तर सायकलवाला चाकाखाली येऊ शकतो. म्हणून लंडन शहरात बऱ्याच चौकांत मोटारींच्या रेघेपुढे सायकलींसाठी वेगळी जागा आखली आहे. सायकली पुढे थांबतात, म्हणजे सर्वांना दिसतात.

पण नुसती रेघ मारून भागत नाही. वावराला कुंपण असले तरी राखण लागते, नाही तर ढोरं शिरतात. चौकाचेही तसेच आहे. रेघ ओलांडली तर पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत आणि पुन्हा ओलांडली तर 1500 रुपयांपर्यंत दंड आहे. पोलीस किंवा कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो. कधीमधी दंड करून उपयोग नाही. नेहमी झाला तरच सवय लागते.

केंद्र सरकारच्या सायकल स्पर्धेत 2021 साली निवडलेल्या 11 शहरांत नागपूर होते. पण सायकलच्या जागेत मोटारी उभ्या राहिल्या तर सायकलवाल्याने जावे कुठून?

दूधवाले काका, मजूर आणि हायस्कूलची ताई सायकलनेच जातात. पालकांनो, चौकात आपली मोटारसायकल रेघेच्या मागेच थांबवा. मुलांनो, आपणही लाल दिव्याला थांबू या.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी