ग्रंथनाम आणि तिरपे अक्षर

“फकिराने मला अस्वस्थ केले,” असे वाक्य निबंधात आले तर वाचकाने काय समजावे? अण्णाभाऊ साठे यांच्या १९५९ सालच्या कादंबरीने, की तिच्या नायकाने? ‘ययाति’, ‘बनगरवाडी’, ‘श्यामची आई’ यांचीही तीच गत आहे. माणूस, गाव आणि पुस्तक यांना एकच नाव, आणि देवनागरीत कॅपिटल अक्षरेही नाहीत!

इंग्रजीत ही अडचण तिरप्या अक्षराने दूर होते. व्हेनिसच्या आल्डस मनुशियस या मुद्रकाने १५०१ साली व्हर्जिलच्या काव्याचे अख्खे पुस्तकच या ठशात छापले होते. तेव्हा ग्रंथनामाशी त्याचा काही संबंध नव्हता. तो पुढे रूढीने जडला. आज पुस्तक, नाटक, नियतकालिक, चित्रपट, इतकेच काय जहाजाचे नावही तिरपे छापतात. सुटी कविता किंवा लेख असेल तर अवतरणचिन्हे देतात. बायबल, कुराण मात्र सरळच. आपणही ज्ञानेश्वरी, गीता ही नावे बहुधा चिन्हांवाचूनच लिहितो.

मग मराठीतही अक्षरे तिरपी का करू नयेत? संगणकावर ती सोय आहे. पण आपल्या भाषेत नावाला प्रत्यय चिकटतो. ‘कोसला’त, ‘स्वामी’ने असे लिहिताना नाव तिरपे आणि प्रत्यय सरळ ठेवला, तर एकाच शिरोरेषेखाली अर्धा शब्द कलतो आणि अर्धा ताठ उभा राहतो. हस्तलिखितात नावाखाली रेघ ओढावी, तर ती उकारांना आणि ऋकारांना छेदते. म्हणून आपल्याकडे एकेरी अवतरणचिन्ह रुळले, ते योग्यच झाले. प्रत्यय चिन्हाबाहेर ठेवला की नाव जसेच्या तसे राहते.

एक उणीव मात्र राहते. संग्रहालाही तेच चिन्ह आणि त्यातल्या कवितेलाही तेच! येथे आपली भाषा धावून येते. “‘विशाखा’ या संग्रहातील ‘कोलंबसचे गर्वगीत’ ही कविता” असे लिहिले की ‘या’ आणि ‘ही’ हे दोन लहानसे शब्द सगळा उलगडा करतात. “‘फकिरा’ या कादंबरीने” म्हटले की आरंभीच्या वाक्यातला घोटाळाही मिटतो. माझ्या मते पहिल्या उल्लेखात असे लिहावे, नंतर नुसती चिन्हे पुरतात.

व्यक्ती, गाव, संस्था यांच्या नावांना चिन्हांची गरज नाही. वि. वा. शिरवाडकर यांच्या नावापुढे ‘कुसुमाग्रज’ हे चिन्हांत लिहितात. एकटे आले तर कुसुमाग्रज साधेच. आणि शब्दाला केवळ वजन यावे म्हणून चिन्हे देण्याची जी हौस आपल्या भित्तिपत्रकांत दिसते, ती तर सोडलेलीच बरी. ‘थोर’ नेते असे चिन्हांत लिहिले, तर वाचणाऱ्याला त्यात कुचेष्टाच दिसते.