‘संकर’ : शेतातला आणि अलंकारशास्त्रातला

इंदूरच्या वर्गात मी ‘संकर’ हा शब्द फळ्यावर लिहिला, की विद्यार्थी त्याचा अर्थ ‘भेसळ’ असा सांगतात. मग मी मंदसौर-नीमच भागातल्या अश्वगंधेकडे वळतो.

तिथे मोल मुळाचे. दोन भिन्न वाणांच्या संकरातून आलेल्या पहिल्या पिढीचे मूळ जनकांच्या सरासरीपेक्षा, कधी सरस जनकापेक्षाही वजनदार भरू शकते. हेच संकरज ओज. जॉर्ज शल यांनी १९१४ मध्ये त्याला ‘हेटरोसिस’ हे नाव दिले. मात्र अश्वगंधेचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून कळीतले पुंकेसर हाताने काढून दुसऱ्या वाणाचे पराग लावावे लागतात. संकराचेच बी पुन्हा पेरले, तर गुण विखुरतात, ओज ओसरते. ते टिकवायचे तर दोन्ही जनक वाण शुद्ध राखावे लागतात.

अलंकारशास्त्रात संसृष्टीतले अलंकार तीळ-तांदळासारखे वेगळे दिसतात. संकरातले नीरक्षीरासारखे एकजीव होतात. यात कमीपणा नाही. तो चिकटला ‘वर्णसंकर’ या शब्दामुळे.

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आमची मराठी हिंदीमिश्रित. निबंध लिहायची लाज वाटते.”

मी म्हटले, “लाजू नकोस. पण घरची मराठी आणि बाहेरची हिंदी, दोन्ही नीट शीक. जनकच हरवले, तर ओज कुठून येणार?”

शिक्षकांनी अशी मिश्र वाक्ये वर्गात जमवावीत. संसृष्टी कुठे आणि संकर कुठे, ते मुलांनाच ठरवू द्यावे.