असंसर्गजन्य रोग आणि शंभर चिंचोके

दिवाळीच्या आधी माझ्या आजोबांना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला व बोलणे बोबडे झाले. तेव्हा माझ्या बाकावरच्या मित्राने विचारले, "तू आजोबांच्या ताटात जेवतोस, मग तुला नाही का व्हायचा?" मला उत्तर आले नाही. म्हणून मी गुरुजींना विचारले.

गोवर, क्षय, पटकी हे रोग एकाचे दुसऱ्याला लागतात. ते संसर्गजन्य रोग. हृदयविकार, लकवा, मधुमेह, दमा, कर्करोग हे शेजारी बसल्याने होत नाहीत. ते असंसर्गजन्य रोग. (हा शब्द लिहिताना मी दोनदा चुकलो.) तेव्हा मित्रांनो, आजोबांच्या ताटात खुशाल जेवावे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने इतर संस्थांबरोबर २०१७ साली एक मोठा अहवाल काढला. देशात लोक कशाने दगावतात याचा अंदाज त्यात आहे. गुरुजींनी मला १०० चिंचोके आणायला लावले. एक चिंचोका म्हणजे मेलेला एक माणूस असे धरायचे. वाईट वाटते, पण हिशोब समजतो. १९९० साली असंसर्गजन्य रोगांचे चिंचोके ३८ होते. २०१६ साली ते ६२ झाले! त्यांत २८ तर नुसते हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे. लकवा त्यातच येतो.

मी म्हणालो, "म्हणजे देश जास्त आजारी पडला." गुरुजी म्हणाले, "घाई करू नकोस. चिंचोके नेहमी शंभरच राहणार." लस, औषधे, चांगले पाणी मिळू लागले, म्हणून गोवराने, जुलाबाने मरणारी पोरं कमी झाली. तो ढीग आटला की दुसरा आपोआप मोठा होतो. शिवाय लहानपणी वाचलेला माणूस म्हातारा होतो, आणि हे रोग बहुतेक उतारवयात गाठतात. पण तेवढेच कारण नाही. तंबाखू, दारू, चुलीचा धूर, जास्त मीठ यांनीही तो ढीग वाढतो. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या घरी तेवढे नुसत्या खरड्यातच जात असेल. आजीची मिश्रीही अजून सुटलेली नाही.

आता पालकांसाठी. आजोबांचा रक्तदाब वाढलेला आहे हे दोन वर्षांपूर्वीच कळले होते. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या होत्या. पण डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला, म्हणून त्यांनी सोडून दिल्या. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा जाणवतच नाही. दंडाला पट्टा बांधून मोजला तरच कळतो. बरे वाटते म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नसते, हे आम्हाला लकवा झाल्यावर समजले.

आता आजोबा काठी धरून ओट्यापर्यंत येतात. मी रोज सकाळी त्यांच्या डबीतल्या गोळ्या मोजतो. रविवारी एक जास्त निघाली. मी रागावलो. तर ते हळूहळू म्हणाले, "लेका, आजची अजून घ्यायचीय. आधी चहा तर येऊ दे."