तिकीट महाग की फुकट महाग?

प्रश्न : आमच्या खामगावात पूल पार्लरमध्ये उभं राहून खेळ बघायला कुणी पैसे मागत नाही. जत्रेतली दंगल आणि शंकरपटही आम्ही फुकटच बघत आलो. परदेशातल्या व्यावसायिक पूल स्पर्धांचं तिकीट मात्र आपल्या पैशांत काही हजारांत जातं. दोन माणसं एका टेबलाभोवती फिरतात, ते बघायला एवढे पैसे? हा दर न्याय्य म्हणायचा का?
— एक वाचक, खामगाव

उत्तर : आधी ‘फुकट’चा हिशेब करू, कारण तुमचा सगळा प्रश्न त्या एका शब्दावर उभा आहे.

दंगलीत मानाच्या कुस्तीचं इनाम असतं, हलगीवाले असतात, आखाड्याची माती, मंडप, लाऊडस्पीकर, पंचांचं जेवण असतं. हा खर्च बराचसा गावच्या वर्गणीतून निघतो. म्हणजे मैदानात बसलेल्या माणसाने पैसे दिलेलेच असतात, फक्त ते पंधरा दिवस आधी, घरी आलेल्या पावतीपुस्तकावर. शंकरपटातही, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतही, पहिल्या जोडीचं बक्षीस कुणा पुढाऱ्याच्या नावाचं, दुसऱ्याचं ट्रॅक्टरच्या शोरूमचं, तिसऱ्याचं कृषी केंद्राचं. ते पैसे देतात आणि मोबदल्यात फलक लावतात, भाषण करतात. तमाशात तर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. गावाने सुपारी दिली की खेळ सगळ्यांना मोकळा. फडाने स्वतः कनात लावली की दारावर तिकीट. वग तोच, बतावणी तीच, सोंगाड्याही तोच. बदलतो तो पैसे देणारा.

तुमच्या पार्लरमध्येही खेळ फुकट चाललेला नसतो. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे भरायचे हा तिथला रिवाज. म्हणजे तुम्ही भिंतीला टेकून जो खेळ बघता, त्याचं बिल हरलेल्या गड्याच्या खिशातून जातं.

तेव्हा कुठल्याही तिकिटाबाबत पहिला प्रश्न विचारायचा तो असा : या खेळाचा खर्च आणखी कोण उचलतंय? क्रिकेटमध्ये टीव्हीचे हक्क विकून इतका पैसा येतो की स्टेडियमचं तिकीट ही वरकमाई ठरते. पूलमध्ये तसं नाही. मोजक्या बड्या स्पर्धांना पैसेवाला पाठीराखा मिळतो. २०२४ची जागतिक पूल अजिंक्यपद स्पर्धा सौदी अरेबियात जेद्दाहला झाली, तिची एकूण बक्षिसं दहा लाख डॉलरची होती. पण या खेळाची जुनी रीत निराळी आहे. अमेरिकेतल्या खुल्या पूल स्पर्धांत खेळाडू स्वतः प्रवेश फी भरतात, आयोजक त्यात आपली भर घालतो आणि त्या रकमेतून बक्षिसं वाटली जातात. आपल्याकडच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या फलकावर वर बक्षिसांची रांग आणि खाली ‘प्रवेश फी’ लिहिलेली असते, तोच प्रकार. पहिल्या दोन दिवसांत हरून परतणारा खेळाडू स्वतःच्या पैशाने येतो आणि रिकाम्या हाताने जातो. जिथे खेळणाराच खिशात हात घालतो, तिथे बघणाऱ्याने थोडा भार उचलला तर त्याला लूट म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. व्यावसायिक पूलचं टेबल नऊ फूट लांब, साडेचार फूट रुंद. चेंडू जेमतेम ५७ मिलिमीटरचा. षटकार शंभर मीटरवरून दिसतो. चेंडूची फिरकी, पुढच्या फटक्यासाठी पांढरा चेंडू नेमका कुठे थांबवला, हे पंधरावीस रांगांपलीकडे कळत नाही. आणि खरा खेळ तर तोच आहे. म्हणून या खेळांची सभागृहं लहानच राहतात. पूलसारख्याच, टेबलावरच्या स्नूकरची जागतिक स्पर्धा १९७७पासून इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात होत आली आहे, तिथे खुर्च्या ९८०च्या आसपास. नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमात माणसं मावतात सुमारे ४५ हजार. आता समजा, दोन्हीकडे दिवसाचा खर्च सारखाच, दहा लाख रुपये आहे. जामठ्यात माणशी साधारण २२ रुपये येतात, क्रूसिबलमध्ये हजाराच्या वर. खेळ भारी की हलका याचा इथे संबंध नाही. भागाकारात खाली बसणारी संख्या लहान आहे, एवढंच.

तिसरा प्रश्न : त्या पैशांत नेमकं काय पदरात पडतं? इथे मात्र आयोजकांना धारेवर धरायला वाव आहे. क्रूसिबलमध्ये तिकीट एका सत्राचं असतं. पहिल्या फेरीचा सामना १९ फ्रेमचा, म्हणजे डावांचा, दहा जिंकणारा पुढे. तो दोन सत्रांत खेळला जातो. म्हणजे एका तिकिटात अर्धाच सामना. शिवाय सुरुवातीच्या फेऱ्यांत मंचावर मध्ये पडदा टाकून दोन टेबलं लावतात आणि तुम्ही ज्या बाजूला बसलात त्याच टेबलाचा खेळ दिसतो. उपांत्य फेरीपासून पडदा जातो. पूलमध्ये एक डाव काही मिनिटांत संपतो, पूर्ण सामना तास-दीड तासात उरकतो, आणि सुरुवातीच्या दिवसांत एकाच वेळी अनेक टेबलांवर सामने चालू असतात. त्यामुळे दिवसभराचं तिकीट असेल तर प्रेक्षक या टेबलावरून त्या टेबलावर फिरत पाचसहा सामने पदरात पाडून घेतो. दर सारखा असला तरी सत्राचं तिकीट आणि दिवसाचं तिकीट यांत असा जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

लांबून येणाऱ्याला तर हा फरक जास्तच जाणवतो. मुंबईत अशी स्पर्धा झाली तर बांद्र्याचा माणूस संध्याकाळी दोन तास येऊन जाईल. तुमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला मलकापूर किंवा शेगावहून रात्रीची गाडी धरायची, मुंबईत कुठे तरी अंग टाकायला जागा शोधायची, परतीचं आरक्षण मिळवायचं. त्याच्या एकूण खर्चात तिकीट हा सगळ्यात लहान आकडा. एवढं करून दारात कळलं की आपलं तिकीट फक्त दुपारच्या अर्ध्या सामन्याचं आहे, तर चिडणं रास्तच.

चौथा आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार प्रश्न : तिकिटं विकायला होती तरी किती? २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्टेडियमची क्षमता सुमारे ३३ हजार, आणि सर्वसामान्यांसाठी विक्रीला आलेली तिकिटं होती चार हजारांच्या घरात. बाकीची संलग्न क्लब, क्रिकेट संघटना, प्रायोजक यांच्या वाट्याला. त्या तिकिटावर छापलेला दर वाजवी होता की अवाजवी, यावर वाद घालून काय उपयोग? ज्याच्या हाती ते पडलंच नाही, त्याला दर शून्य असता तरी सारखंच.

आपल्याकडे बिलियर्ड्स-स्नूकरचं दुखणं याच जातीचं आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद मिळवलं. कुठल्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेता ठरलेले ते पहिले भारतीय. पंकज अडवाणीही पुण्यातच जन्मले, पुढे बंगळुरूत घडले. त्यांची जागतिक विजेतेपदं पंचवीसच्या पुढे गेली आहेत. एवढं असूनही या खेळाला आपल्या राज्यात मोठा प्रेक्षक मिळाला नाही, कारण तो वाढला जिमखान्यांत आणि क्लबांत. तिथे आत जायला सदस्य असावं लागतं किंवा सदस्याचा पाहुणा तरी. त्या दारावर दर लिहिलेला नसतो, म्हणून त्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही. त्यापेक्षा उघड्या खिडकीवर मिळणारं महाग तिकीट परवडलं.

तेव्हा माझं उत्तर असं : सभागृह लहान असेल, पुढच्या रांगाही विक्रीला असतील, सुरुवातीच्या फेऱ्या स्वस्त आणि अंतिम सामना महाग असेल, तर पूलचं तिकीट काही हजारांचं असलं तरी न्याय्य आहे. तुम्हा-आम्हाला परवडेल का, हा प्रश्न निराळा. आणि पुढच्या तीन रांगा पासवाल्यांना देऊन, मागे सपाट जमिनीवर खुर्च्या टाकून शंभर रुपये घेतले, तर ते शंभरही अन्यायाचेच.

प्रश्न : या तिकिटातला सरकारचा वाटा किती?

उत्तर : पूर्वी आपल्या राज्यात १९२३च्या करमणूक शुल्क कायद्याखाली वसुली होत असे. जुलै २०१७पासून वस्तू व सेवा कर आला. मान्यताप्राप्त क्रीडा स्पर्धेचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर हा कर नाही. सुरुवातीला ही मर्यादा २५० होती, २०१८मध्ये ती वाढवली. पाचशेच्या वर गेलं की १८ टक्के. आयपीएलसारख्या सामन्यांवर आधी २८ टक्के कर होता, २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे ज्या आयोजकाला प्रेक्षकाची काळजी आहे, त्याला पाचशेच्या आत राहण्याचं एक चांगलं कारण सरकारनेच दिलं आहे. सहाशेच्या तिकिटाला प्रेक्षक ७०८ रुपये मोजतो, त्यातले १०८ खेळाच्या वाटेला जातच नाहीत.

प्रश्न : आम्ही काही मित्र जिल्ह्यात पूलची खुली स्पर्धा भरवायच्या विचारात आहोत. तिकीट लावावं का? लोक म्हणतील, गावात खेळ बघायला पैसे मागतात.

उत्तर : लावा, पण शेवटच्या दिवशीच.

सुरुवातीच्या फेऱ्या मोकळ्या ठेवा. ज्याने ‘नाइन बॉल’ हा पूलचा प्रकार कधी पाहिला नाही, त्याने आधी येऊन बघितलं पाहिजे. न चाखलेल्या गोष्टीला कुणी पैसे देत नाही. मात्र फुकट प्रवेशाने सगळं साधतं असंही समजू नका. ३० जानेवारी २०२५ला विराट कोहली बारा वर्षांनी रणजी सामन्यात उतरला. दिल्लीच्या अरुण जेटली स्टेडियमात प्रवेश मोफत होता. सकाळपासून दारावर हजारोंची रेटारेटी, काहींना इजाही झाली. दुसऱ्या दिवशी कोहली सहा धावांवर त्रिफळाचीत झाला आणि स्टँड रिकामे व्हायला लागले. रेल्वेविरुद्धचा सामना पुढे चालूच होता. मोफत दार नावाला गर्दी जमवतं, खेळाला प्रेक्षक मिळवून देईलच असं नाही. आणि त्या गर्दीला आवरण्याचा खर्च शेवटी कुणी तरी करतोच.

अंतिम सामन्याला पन्नास रुपये ठेवा, शाळा-कॉलेजच्या पोरांना दहा. आकडा लहानच असू द्या, कारण त्यातून खर्च भागणार नाही हे उघड आहे. तिकिटाचं काम वेगळं आहे. दंगलीला बसलेल्या प्रत्येकाने हे अनुभवलं आहे : मानाची कुस्ती पाच वाजताची, पैलवान लंगोट कसून उभे, आणि साहेबांची गाडी अजून चिखलीच्या पुढे आलेली नाही. मग सत्कार, मग नारळ, मग मनोगत. अंधार पडता पडता कुस्ती लागते आणि बरोबरीत सोडवली जाते. आपण काही बोलत नाही, कारण आपण फुकट बसलो आहोत असं आपल्याला वाटतं आणि गाडी ज्याची आहे त्याने इनाम दिलं आहे. पन्नास रुपयांचं तिकीट खिशात असलेल्या माणसाला मात्र घड्याळाकडे बोट दाखवता येतं. आयोजकालाही ते पुढाऱ्याला सांगायला बरं पडतं : ‘साहेब, तिकिटं विकलीत, थांबता येणार नाही.’

तीन पथ्यं पाळा. पहिलं, प्रत्येक खुर्चीतून टेबल दिसलं पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरचं खासबाग मैदान बांधलं, ते १९१२मध्ये खुलं झालं. त्याची बसण्याची जागा चारही बाजूंनी आखाड्याकडे उतरत येते, त्यामुळे मागच्या माणसालाही कुस्ती दिसते. तुम्हाला तेवढं जमणार नाही, पण मागच्या रांगा लाकडी फळ्यांवर चढवता येतील, टेबलावर कॅमेरा टांगून पडद्यावर चित्र दाखवता येईल. जिथून दिसत नाही, ती खुर्ची विकू नका.

दुसरं, पास शक्य तितके कमी, आणि तेही पुढच्या रांगेत सलग नकोत. जागा सरकारी क्रीडा संकुलाची घेतली असेल, तर काही खुर्च्या शाळांसाठी मोफत राखाच. त्या इमारतीचं तिकीट लोकांनी कराच्या रूपाने आधीच फाडलं आहे.

तिसरं, हिशेब लावा. जत्रेची कमिटी जसा जमाखर्चाचा कागद देवळाच्या भिंतीवर चिकटवते, तसा तुम्हीही लावा. खेळाडूंची प्रवेश फी किती जमली, तिकिटाचे किती, प्रायोजकांचे किती, बक्षिसांत किती गेले, मंडप आणि टेबलभाड्यात किती. पुढच्या वर्षी तिकीट पन्नासचं सत्तर करायचं ठरलं, तर लोक भांडतील जरूर. पण भांडायला त्यांच्याकडे आकडे असतील, आणि तुमच्याकडे उत्तर.